शून्य शिक्षक, संपूर्ण समता

शालेय नियोजनातला सर्वांत मोठा अडथळा मुले हाच आहे, हे १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने अखेर ओळखले. सहावी ते आठवीचा पट २० पेक्षा कमी, तर मंजूर शिक्षक शून्य. सेलू तालुक्यातले वालूर तसे मोठे गाव, ते वीसचा आकडा गाठेल. आसपासच्या लहान वस्त्यांनी मुलांच्या बाबतीत काटकसर केली असेल, तर शासन काय करणार? काही अभ्यासू मंडळी लगेच २००९ चा शिक्षण हक्क कायदा काढतात: गणित-विज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक हवाच. आक्षेप वरवरचा आहे. शिक्षक नसले की मुले जातील, मुले गेली की शाळा जाईल, आणि शाळाच नसेल तर कायदा मोडणार कोण?

दिव्यांग मुलांबाबत नियोजन आणखी सूक्ष्म. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले. २०२४ मध्ये राज्याने विशेष शिक्षकांची ४,८६० पदे ठरवली, साधारण शाळांच्या केंद्रामागे एक. केंद्रात शाळा अनेक, म्हणजे गुरुजी पाळीपाळीने येणार. तेव्हा विशेष गरजांचेही वेळापत्रक काढावे: मंगळवारी फेरी असेल, तर मुलाने मंगळवारीच कर्णबधिर असावे, एरवी नीट ऐकावे. अशाने ते इतरांच्या मागे पडेल, ही भीती निराधार आहे. सहावी ते आठवीचा पट १९ वर आला की त्या वर्गांत कुणालाच शिक्षक नसेल. समावेशक शिक्षण म्हणतात ते याहून वेगळे काय असते?