फोनवाल्या भाऊंना आरोग्यमित्राचे पत्र

प्रति,
समस्त फोनवाले भाऊ, दादा, आबा आणि भावी नगरसेवक,
मु. पो. नांदेड व लातूर.



पत्र लिहिण्यास कारण की, समोरासमोर आपण मला बोलूच देत नाही. मी दवाखान्याच्या दर्शनी टेबलावर बसणारा आरोग्यमित्र. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची पाटी माझ्या डोक्यावर असते आणि आपला मोबाइल माझ्या कानाला. ‘घ्या, साहेबांशी बोला,’ म्हणून आपण तो माझ्या हातात कोंबता. पलीकडचे साहेब कुठल्या तरी लग्नात असतात. ‘आपला माणूस आहे, बघून घ्या.’ मी ‘हो साहेब’ म्हणतो. त्या आपल्या माणसाचे नाव मात्र साहेबांना मलाच सांगावे लागते.

देगलूरकडचा माणूस तेलुगूत गाऱ्हाणे मांडतो, उदगीरकडची आजी कानडीत. मला दोन्ही थोडे थोडे कळते. साहेबांचे मात्र कळायला भाषाच लागत नाही.

आता माझ्या हातात काय आहे, तेही ऐका. रेशनकार्ड, आधार बघायचे, नोंदणी करायची, नातेवाइकांना धीर द्यायचा. पुढे दवाखाना रिपोर्ट ऑनलाइन पाठवतो आणि मंजुरी वरून येते. तिचे बटण माझ्या कॉम्प्युटरवर नाही. मी तर सरकारी नोकरही नाही, कंत्राटावरचा माणूस. आधारवर ‘गंगाधर’ आणि रेशनकार्डावर ‘गंगाराम’ असेल, तर साहेबांचा आवाज कितीही खणखणीत असो, गंगारामाचा गंगाधर होत नाही.

मग यथावकाश मंजुरी येते. ती येणारच असते. नेमके तेव्हा आपण चहा पिऊन परतता, पेशंटच्या पोराच्या खांद्यावर हात टाकता आणि म्हणता, ‘बघ, साहेबांचा एक फोन!’ आठवड्यात चौकात आपला फ्लेक्स लागतो. त्यावर आपण ‘रुग्णसेवक’.

ही योजना २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधींच्या नावाने पहिल्यांदा आठ जिल्ह्यांत आली. त्यात आपले नांदेड होते. लातूरकरांना नोव्हेंबर २०१३ पर्यंत वाट बघावी लागली. पुढे नाव बदलले, दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांवर गेले. पूर्वी आपल्याकडच्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्याला सातबारा दाखवावा लागे; आता राज्यातल्या सगळ्यांनाच दार उघडे आहे. कुठल्याही शासन निर्णयात ‘सोबत एक भाऊ जोडावा’ असे मला तरी सापडले नाही. आपण केवळ जनसेवेपोटी स्वतःला जोडून घेतलेत, ही आपली थोरवी.

मध्यंतरी किनवटकडची एक बाई आली. एकटीच. कागद सगळे बरोबर, नावेसुद्धा जुळलेली. नोंदणी झाली, तरी उठेना. म्हणाली, ‘साहेब, कुनाचा फोन लावू?’ कुणाचाच नको म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. काम झाले नाही, अशी तिची खात्रीच झाली. बाहेर जाऊन ती चहावाल्याला आपलाच पत्ता विचारत होती.

तरी एक विनंती. पुढच्या खेपेला पेशंटबरोबर रेशनकार्ड पाठवा. आपण नाही आलात तरी चालेल. आणि फोन लावल्याशिवाय करमतच नसेल, तर योजनेची हेल्पलाइन आहे : १५५३८८. पैसे पडत नाहीत. तिथेही माझ्यासारखेच कुणीतरी बसलेले असेल, तेव्हा जरा हळू बोला.

आपला (साहेबांचा नव्हे),
टेबलावरचा आरोग्यमित्र

ता. क. : मागच्या सोमवारी आपण माझे पेन नेलेत.