गुच्छीची भावकी

मनालीहून येताना लोक शाली आणतात, सफरचंदं आणतात. आमच्या भाच्यानं गुच्छी नावाची रानटी अळंबी आणली. मूठभरच, पण भाव किलोला दहा हजारांच्या वर आहे म्हटल्यावर अंजनगावातलं अख्खं घर ओट्याभोवती जमलं. काळपट, वाळलेली, अंगभर खड्डे. काकूंनी एक उचलून हुंगली आणि म्हणाल्या, "एवढ्या पैशात तं तुरीच्या डाळीचा कट्टा आला असता, बाप्पा! आपल्या टेकोड्याच्या भावकीतलंच दिसते हे."

वऱ्हाडात नवा माणूस भेटला की आधी गाव विचारतात, मग भावकी. तेव्हा काकूंची शंका रास्तच. पण भावकी जुळत नाही.

पावसाळ्यात वारुळाजवळ उगवणारे टेकोडे छत्रीवाल्या घराण्यातले. छत्रीखाली पापुद्रे, पापुद्र्यांवर नजरेला न दिसणारे दांडे आणि दांड्याच्या टोकाला बहुधा चार बीजाणू, उघड्यावर टांगलेले. गुच्छीकडे पडदानशीन कारभार. तिच्या खड्ड्यांना बारीक नळकांड्यांसारख्या पिशव्यांचं अस्तर असतं, एकेका पिशवीत आठ बीजाणू. पिकले की पिशवीचं झाकण उघडतं आणि ते उडतात. या पिशवीवाल्यांच्या गोतावळ्यात पाव फुगवणारं यीस्ट येतं, आणि ढिगातल्या दबक्या संत्र्यावर चढते ती हिरवी बुरशीसुद्धा. म्हणजे नात्यानं पाहिलं तर गुच्छीला टेकोड्यापेक्षा सडक्या संत्र्यावरची बुरशी जवळची! काकूंनी हे शांतपणे ऐकून घेतलं. "मंग मनालीले कायले गेला? आपल्या अंगणात टोपलंभर पडून हाये."

गुच्छीच्या अगदी सख्ख्यांत पाहायचं तर वाटीबुरश्या आहेत. सह्याद्रीच्या जंगलात पावसाळ्यात कुजक्या फांद्यांवर त्यांच्या लाल-गुलाबी वाट्या दिसतात. युरोपात जमिनीखाली दडणारं, कुत्र्यांना हुंगून शोधावं लागणारं ट्रफलही त्यांच्यातलंच. दिसण्यावरून यातलं काही कळत नाही. लिनियससारख्या वर्गीकरणाच्या पंडितानंही 1753 मध्ये गुच्छीला सडक्या मांसाचा वास सोडून माश्या बोलावणाऱ्या बुरशीच्या घरात नांदायला पाठवलं होतं. पर्सून नावाच्या अभ्यासकानं 1801 मध्ये तिची तिथून सुटका केली, तोवर बिचारीनं जवळजवळ अर्धं शतक त्या वासात काढलं.

गुच्छी हिमालयात बर्फ वितळल्यावर उगवते, जंगल जळून गेलं तर पुढच्या वसंतात कधीकधी जास्तच. वीज कडाडली की ती वर येते, असं तिकडचे लोक म्हणतात. आपल्याकडेही टेकोड्यांबद्दल हेच ऐकू येतं. भावकी नसली तरी अफवा एकच!

भावकीत एखादा तोतया असतोच. खोट्या गुच्छीच्या टोपीवर खड्ड्यांऐवजी मेंदूसारख्या वळ्या असतात. तिच्यातल्या विषापासून पोटात जे रसायन तयार होतं, ते रॉकेटच्या इंधनातही वापरतात. खरी गुच्छी उभी चिरली की टोपीपासून देठापर्यंत एकच पोकळी दिसते. खोटीच्या पोटात कप्पे आणि कापसासारखा भरणा. खरी असली तरी कच्ची खाऊ नका. 2023 मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात एका हॉटेलात कच्ची-अर्धकच्ची गुच्छी खाऊन 51 जण आजारी पडले, त्यांतले दोघे दगावले.

आणि टेकोडे घ्याल तर ओळख असलेल्या, रानाची माहिती असलेल्या बाईकडूनच घ्या. तिच्याशी भावात घासाघीस करू नका.