परीचं चेकबुक आणि वकिलाचं टोकयंत्र

दात्याचं नाव गुप्त राहावं असं दात्याला मुळीच वाटत नसतं, हे आपल्याकडे देवळाच्या सभामंडपात बसल्या बसल्या कळतं. डोक्यावरच्या पंख्याच्या तीन पात्यांवर तो कुणाच्या स्मरणार्थ, कुणी आणि कोणत्या साली दिला हे लाल रंगात लिहिलेलं असतं. वारा हवा असेल तर पंखा लावावा, दाता हवा असेल तर बंद करावा. हॉलिवूडच्या जुन्या प्रेमविनोदी सिनेमातला दाता मात्र पात्यावर नाव घालत नाही. तो गुपचूप येतो, चेक फाडतो, माणसाचं कोटकल्याण करतो आणि कारण विचारलं तर भलतंच सांगतो. गंमत अशी की, घेणाऱ्याला ते भलतं कारण चटकन पटतं.

या जातीच्या सिनेमांचा नमुना म्हणून 1935 सालचा ‘द गुड फेअरी’ घ्यावा. मूळ नाटक हंगेरीच्या फेरेन्झ मोल्नार यांचं, 1930 सालचं. पुढच्याच वर्षी ते ब्रॉडवेवर गेलं. युनिव्हर्सल कंपनीने त्याचा सिनेमा केला, दिग्दर्शनाला विल्यम वायलर आणि पटकथेला प्रेस्टन स्टर्जेस. गोष्ट बुडापेस्टमध्येच राहिली, फक्त तिथली सगळी माणसं अस्खलित इंग्रजी बोलू लागली. अनाथालयात वाढलेली लुइझा गिंगलबुशर (मार्गारेट सुलावन) एका थिएटरात नोकरीला लागते. काम आपल्याकडच्या बॅटरीवाल्याचं, म्हणजे अंधारात लोकांना खुर्ची दाखवायची. अनाथालयाने निघताना शिदोरी म्हणून एकच गोष्ट दिलेली: रोज एक सत्कृत्य कर. पगार किती मिळेल, खोलीभाडं किती पडेल, असल्या क्षुल्लक बाबी संस्थेने जगावर सोडलेल्या.

जग लगेच भेटतं. रस्त्यात मागे लागलेल्या एका रंगेल गृहस्थाला टाळण्यासाठी लुइझा ‘माझं लग्न झालंय’ असं ठोकून देते. ही थाप तिला इतकी उपयोगी वाटते की, पुढे एका बड्या मेजवानीत गडगंज मांसव्यापारी कॉनराड लगट करायला लागतो, तेव्हा ती तीच पुन्हा वापरते. कॉनराड हा व्यापारी आहे. लग्न झालेल्या बाईपर्यंत पोचायचा हमरस्ता तिच्या नवऱ्याच्या खिशातून जातो, एवढं त्याला कळतं. तो म्हणतो, सांग तुझ्या नवऱ्याचं नाव, त्याला श्रीमंत करतो. आता नवरा आणायचा कुठून? लुइझा टेलिफोन डिरेक्टरी उघडते आणि एक नाव उचलते. डॉ. मॅक्स स्पोरम, वकील.

आजवर सरकारी योजनांचे लाभार्थी निवडायच्या ज्या काही पद्धती निघाल्या, त्यांत ही सर्वात पारदर्शक म्हणायला हरकत नाही. शिफारस नाही, दाखला नाही, झेरॉक्स नाही.

स्पोरम (हर्बर्ट मार्शल) हा दाढीवाला, सचोटीचा आणि म्हणूनच कफल्लक वकील. एके दिवशी कॉनराड दारात उभा राहतो आणि भल्या मोठ्या पगाराचं कंत्राट पुढे करतो. इथे सिनेमाचा खरा विनोद सुरू होतो. स्पोरमला यात काहीही विचित्र वाटत नाही. एवढी वर्षं आपण प्रामाणिकपणे वकिली केली, कुणाचं लांगूलचालन केलं नाही, ते अखेर जगाच्या लक्षात आलं, अशी त्याची बालंबाल खात्री पटते. कॉनराडलाही हेच सांगणं सोयीचं असतं. पैसा एका पोरीच्या मोहापायी आलेला आणि पावती सचोटीच्या नावाने फाटलेली! अचानक बढती मिळालेल्या कोणत्याही माणसाला तिचं कारण विचारून पाहावं. दर दहांतले नऊ स्पोरम निघतील आणि दहावा आत्मचरित्र लिहायला बसलेला असेल.

हातात पैसा आल्यावर हा सज्जन काय घेतो? मोटार घेतो हे खरं, पण त्याचा जीव अडकलेला असतो तो पेन्सिलीच्या टोकयंत्रात. ते नवंकोरं यंत्र तो मूल झाल्यासारखं कौतुकाने दाखवतो. स्टर्जेसच्या लेखणीचं मोठेपण असल्या जागांत आहे. अल्लादिनचा दिवा एखाद्या कारकुनी वळणाच्या माणसाच्या हाती लागला, तर राजवाडा उभा राहणार नाही, रबरी शिक्का आणि नवा स्टॅम्पपॅड येईल. लुइझाचीही मजल फारशी पुढे जात नाही. तिला हवी असते गळ्याभोवती टाकायची फर, तीही ‘फॉक्सिन’ची, म्हणजे कोल्ह्याच्या नावाची आणि कोल्ह्याशी संबंध नसलेली. दुकानातल्या आरशांत ती स्वतःला बघते तेव्हा एकीच्या अनेक लुइझा दिसतात आणि प्रत्येकीच्या गळ्यात तीच खोटी फर. श्रीमंतीचं असं फटफटीत चित्र मार्क्सवाद्यांच्या सिनेमांतही क्वचित सापडेल.

कॉनराडचं काम फ्रँक मॉर्गन या नटाने केलं आहे. बोलता बोलता अडखळणारा, भाव खाणारा, मनातून घाबरट असा दाता. चारच वर्षांनी, 1939 साली, याच मॉर्गनला ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मधला जादूगार मिळाला: पडद्याआड बसून यंत्राचे खटके ओढणारा आणि मेंदू मागणाऱ्याला पदविका, हृदय मागणाऱ्याला घड्याळ, धैर्य मागणाऱ्याला बिल्ला देऊन बोळवण करणारा. निवड समितीने मागचा अनुभव पाहूनच नेमणूक केली असावी.

नाटकातून पडद्यावर येताना लुइझाला बरंच सोवळं नेसवलं गेलं, हेही सांगायला हवं. 1934च्या मध्यापासून हॉलिवूडमध्ये जोसेफ ब्रीन यांच्या कचेरीचा नीतिनियमांचा बडगा कडक झाला होता. त्यामुळे अनाथालय, रोजचं सत्कृत्य, निरागस डोळे हे सगळं स्टर्जेसने पदरचं घातलं. श्रीमंत म्हातारा तरुण मुलीला एकांतात बोलावतो, हे चालायचं. फक्त तिला त्याचा अर्थ कळता कामा नये.

सेटवर मात्र अर्थ सगळ्यांना कळत होता. वायलर आणि सुलावन यांची रोज भांडणं व्हायची. भांडणाच्या दिवशी घेतलेल्या दृश्यांत नायिकेचा चेहरा ओढलेला येतो, असं छायाचित्रकाराने लक्षात आणून दिलं, म्हणून वायलरने तिच्याशी गोड बोलायला सुरुवात केली, असा किस्सा सांगतात. गोड बोलणं हाताबाहेर गेलं. नोव्हेंबर 1934मध्ये, चित्रीकरण चालू असतानाच, दोघांनी ॲरिझोनातल्या युमा गावी पळून जाऊन लग्न केलं. 1936 साली घटस्फोट झाला. फोटो चांगले आले होते.

स्टर्जेसला हा विषय पुढे सोडवेना. 1937च्या ‘ईझी लिव्हिंग’ची पटकथाही त्याचीच, दिग्दर्शन मिचेल लायसनचं. न्यूयॉर्कचा एक बडा बँकवाला बायकोच्या उधळपट्टीवर चिडून तिचा 58,000 डॉलरचा फरकोट गच्चीवरून भिरकावतो. खालून दुमजली बस चाललेली असते आणि उघड्या वरच्या मजल्यावर मेरी स्मिथ (जीन आर्थर) बसलेली असते. कोट नेमका तिच्या डोक्यावर. छप्पर फाडून देणारा देव आपल्याला माहीत आहे. इथे छप्परही नव्हतं. हा कोट आणि तो बँकवाला एकत्र पाहून गावभर कुजबूज होते की, ही त्याची ‘ती’. झालं. बुडत्या हॉटेलचा मालक तिला राजेशाही दालन जवळपास फुकट देतो, दुकानदार दागिने आणि मोटारी दाराशी आणून उभ्या करतात. खिशात दिडकी नसलेल्या मुलीच्या तोंडून पोलादाच्या भावाबद्दल एक वाक्य निघतं आणि शेअरबाजार गडगडतो, कारण ते वाक्य ‘आतल्या गोटातलं’. ‘गुड फेअरी’त दाता खरा तरी होता. इथे कुणीच कुणाला काही दिलेलं नाही. दाता आहे ही अफवाच पुरेशी झाली. दरम्यान मेरी प्रेमात पडते ती ऑटोमॅट खानावळीत काम करणाऱ्या एका पोरावर, जो त्याच बँकवाल्याचा मुलगा निघतो. गरिबावर प्रेम करण्याचा धाडसी निर्णय नायिकेने घ्यावा आणि निर्मात्याने तिला त्याची झळ लागू देऊ नये, हा करार तेव्हाही होता.

तिसरी पायरी 1940ची, ‘ख्रिसमस इन जुलै’. या वेळी दिग्दर्शनही स्टर्जेसचंच. कॉफी कंपनीची घोषवाक्य स्पर्धा, बक्षीस 25,000 डॉलर. जिमी नावाच्या कारकुनाला शेजारच्या टेबलांवरचे तीन टवाळ बक्षिसाची खोटी तार पाठवतात. तार पाहताच साहेबाला साक्षात्कार होतो की, या मुलाच्या डोक्यात कल्पनाच कल्पना आहेत. बढती, स्वतंत्र खोली, दारावर नाव. जिमी चाळीतल्यासारख्या आपल्या गल्लीत घरोघर भेटी वाटत सुटतो. तार खोटी निघाल्यावर साहेब गोंधळतो: कालच्या कल्पना आजही चांगल्याच आहेत की नाही? ते त्याला स्वतःला सांगता येत नाही, आणि तीच सिनेमाची सर्वात झोंबरी जागा. गुणवत्ता आधी आणि बक्षीस नंतर, हा क्रम फक्त शाळेच्या स्नेहसंमेलनात पाळला जातो.

स्टर्जेसला हे कुठून सुचत होतं? दिग्दर्शक व्हायला मिळावं म्हणून त्याने ‘द ग्रेट मॅकगिंटी’ची पटकथा पॅरामाउंटला अवघ्या 10 डॉलरना विकली होती. तिला मूळ पटकथेचं ऑस्कर मिळालं आणि मग ती पहिल्यापासूनच उत्तम होती, हे सर्वांना आठवलं.

या सगळ्यात एक दाता पडद्याच्या बाहेर राहिला. युनिव्हर्सलचे मालक कार्ल लेमले हे जर्मनीतल्या लाउपहाइम गावचे ज्यू. नातलगांना कंपनीत भरण्याबद्दल त्यांची हॉलिवूडभर टिंगल व्हायची आणि ती खोटी नव्हती. खुद्द वायलर आईकडून लेमलेंच्या नात्यातले, 1920 साली त्यांच्याच आधाराने अमेरिकेत आलेले. वशिल्याच्या या तट्टूने पुढे दिग्दर्शनाची तीन ऑस्कर मिळवली, ही गोष्ट वशिलाविरोधकांना नेहमीच अडचणीची ठरते. 1936 साली कंपनी लेमलेंच्या हातून गेली. मग रिकाम्या वेळात हा गृहस्थ हिटलरच्या जर्मनीत अडकलेल्या ज्यूंसाठी हमीपत्रांवर सह्या करत बसला: हा माणूस अमेरिकेत आला तर सरकारवर भार होणार नाही, त्याचा पोशिंदा मी. एक-दोन नव्हे, 300हून अधिक माणसांसाठी. त्यांतले कित्येक त्याने जन्मात पाहिलेले नव्हते.

मांसव्यापाऱ्याने अनोळखी वकिलाला पैसे का द्यावेत, असं बुडापेस्टच्या त्या गोष्टीत कुणालाही खटकत नाही. श्टुटगार्टमधल्या अमेरिकी वाणिज्य वकिलातीला मात्र लेमलेंबद्दल शंकांनी घेरलं. सत्तरी ओलांडलेला म्हातारा, इतकी हमीपत्रं, तीही परक्यांसाठी? 1938मध्ये लेमलेंना याबद्दल थेट परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांना पत्र लिहावं लागलं. सप्टेंबर 1939मध्ये, युद्ध सुरू होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, ते गेले. अर्जदाराशी तुमचं नातं काय, असं कचेरी विचारायची, आणि कितीतरी जणांच्या बाबतीत लेमलेंकडे खरं उत्तर एवढंच होतं: आमच्या गावचा आहे.