कायमचा पत्ता

शोधनिबंधांना डीओआय हा कायमचा क्रमांक 2000 सालापासून मिळू लागला. संशोधनातल्या विदेला (डेटाला) असे क्रमांक देणारी ‘डेटासाइट’ ही संस्था 2009 मध्ये निघाली. संशोधकांना ऑर्किड क्रमांक मिळाला 2012 मध्ये. रात्र-रात्र राबून मोजमाप करणाऱ्या यंत्राची मात्र ‘प्रमाणित उपकरण वापरले’ एवढ्यावर बोळवण! डेटासाइटच्या वर्गवारीत ‘उपकरण’ हा स्वतंत्र प्रकार यायला 2024 उजाडलं. (यंत्रांची संघटना नसते, दुसरं काय!) आता क्रमांक मिळेल, पण तो निबंधात लिहिणार कोण? विभागप्रमुखांना सहलेखक करायला कधी क्रमांक लागला नाही. शिवाय ‘कायमचा’ म्हणजे तरी काय? विदा दुसऱ्या सर्व्हरवर हलली, की क्रमांकापुढे नवा पत्ता कुणाला तरी नोंदवावा लागतो. तो कुणीतरी बहुधा कंत्राटी असतो.