रूढी मोडण्याची रीतसर पद्धत

प्रस्तुत मार्गदर्शन हैदराबादच्या हिमायतनगरात राहणाऱ्या, मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या आणि घरी मराठी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातील विद्यार्थ्यांनीही ते वाचायला हरकत नाही. फक्त त्यांच्याकडे टँकबंड नाही, आणि टँकबंडावर निदान एकदा उदास चालल्याशिवाय हैदराबादचा पॉप व्हिडिओ पुरा होत नाही असा या क्षेत्रातला दंडक आहे.

प्रकल्पाचे स्वरूप सर्वांना ठाऊक असते. साडेतीन-चार मिनिटांचे गाणे घ्यायचे, त्याचा व्हिडिओ करायचा आणि सोबत एक अहवाल जोडायचा. अहवालात उत्तर द्यायचे ते एकाच प्रश्नाचे : आपल्या व्हिडिओने पॉपच्या रूढी कुठे पाळल्या आणि कुठे मोडल्या? हुशार विद्यार्थी अहवाल आधी लिहितो आणि त्याबरहुकूम शूटिंग करतो. बाकीचे आधी शूटिंग करतात आणि त्यात जे राहिले, बिघडले किंवा पावसात भिजले ते सगळे ‘मोडलेल्या रूढी’ या मथळ्याखाली घालतात. दोन्ही पद्धती ग्राह्य आहेत. दुसरीला चलन जास्त आहे.

रूढी मोडायची तर ती आधी माहीत हवी. त्यासाठी अँड्र्यू गुडविन यांचे ‘डान्सिंग इन द डिस्ट्रॅक्शन फॅक्टरी’ हे १९९२ सालचे पुस्तक प्रमाण मानतात. नाट्यशास्त्राच्या पेपरात भरतमुनी जसे न वाचता उद्धृत करता येतात, तसेच हेही येते. गुडविन यांचे म्हणणे थोडक्यात असे : प्रत्येक संगीतप्रकाराची ठरावीक दृश्ये असतात, दृश्य शब्दांशी आणि सुरावटीशी काहीतरी नाते ठेवते, कंपनीला गायकाचा चेहरा विकायचा असल्याने क्लोजअप मुबलक असतात, कुणीतरी कुणाकडे तरी सारखे टक लावून बघत असते, आणि जुन्या सिनेमांचे, जुन्या व्हिडिओंचे दाखले मधूनमधून डोकावतात. आपल्या आत्याच्या पिढीने हे सगळे पुस्तकाविना पाठ केले होते. १९९५ च्या ‘मेड इन इंडिया’त अलिशा चिनॉय राणी होऊन बसते आणि मिलिंद सोमण लाकडी खोक्यातून बाहेर येतो. चेहरा आहे, बघणे आहे. फक्त बघणारी बाई आहे आणि बघण्याचा माल पुरुष. त्या काळी यावर कुणी अहवाल मागितला नाही, लोकांनी कॅसेट विकत घेतली.

पहिल्यांदा पाळायच्या रूढी उरकून घ्याव्यात. लिबर्टीपासून नारायणगुड्यापर्यंतचा मुख्य रस्ता दिवसभर साड्यांची आणि दागिन्यांची दुकाने, कोचिंग क्लासेस आणि ऑटो यांच्या ताब्यात असतो. म्हणून रविवारी पहाटे पाचला उठावे. नायकाने रिकाम्या रस्त्याच्या मधोमध सावकाश चालावे. तो या शहरात एकटा पडला आहे हे त्यातून कळते. त्याचा चेहरा तसा झालेला असतो तो झोप न झाल्यामुळे, पण कॅमेऱ्याला कारण दिसत नाही, परिणाम दिसतो. शूटिंग आटोपल्यावर सर्वांना मिनर्व्हात नाश्ता घालावा. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात खरा म्हणावा असा खर्च हाच.

चारमिनार घ्यायचाच असेल तर तिपाई घरी ठेवावी. वास्तू पुरातत्त्व खात्याची आहे. तिपाई उघडली की परवानगीचा कागद निघतो आणि तो आपल्याकडे नसतो. मोबाइल हातात धरावा. हात हलेल. अहवालात त्याला ‘हँडहेल्ड शैली’ म्हणतात. ड्रोनचा विचार मनात आणू नये. हिमायतनगरपासून सचिवालय आणि विधानसभा दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत आणि पोलिसांना दृश्यभाषेत रस नसतो. त्याऐवजी आपल्याच इमारतीची गच्ची घ्यावी. तिची किल्ली वॉचमनअण्णांकडे असते आणि सोसायटीचे सेक्रेटरी हो म्हणाल्याशिवाय अण्णा ती देत नाहीत. सेक्रेटरी कधीच हो म्हणत नाहीत, म्हणून ते दुपारी झोपतात ती वेळ साधावी. गच्चीवर पाण्याच्या काळ्या टाक्या फ्रेममध्ये येतील. त्या टाळण्यात वेळ घालवू नये. नायकाला टाकीला टेकून उभे करावे.

ओठांचा मेळ ही बाब मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. पॉप व्हिडिओतला मुलगा गात नसतो, गात असल्याचे ओठांनी पटवून देत असतो, आणि ते फसले की बाकी सगळे फसते. गाणे स्पीकरवर मोठ्याने लावावे आणि नायकाने खरोखर, घसा ताणून गावे. नुसते ओठ हलवले तर गळ्याच्या शिरा हलत नाहीत आणि बघणाऱ्याला ते कळते. स्लो मोशनमध्ये ओठ जुळवायचे असतील तर गाणे दुप्पट वेगाने वाजवून सेकंदाला ४८ फ्रेम घ्याव्यात आणि नंतर २४ च्या वेगाने दाखवाव्यात. हालचाल संथ होते, ओठ मात्र गाण्याबरोबर राहतात. दुप्पट वेगातले विरहगीत ऐकून शेजारचे काका दार उघडतील. त्यांना अभ्यास चालू आहे असे सांगावे, ते खोटेही नाही.

नायक तेलुगू घरातला निवडावा. ही शिफारस अनेकांना विचित्र वाटेल, पण विचार करून केलेली आहे. हिंदीभाषक मित्राला ‘डोळ्यांत’ म्हणायला लावले की तो ‘डोल्यांत’ म्हणतो आणि ते ओठांवर, खरे तर जिभेवर, दिसते. तेलुगूत ळ आहे आणि ‘चमचा’मधला दंत्य चही आहे. नारायणगुड्याचा रेड्डी आपले मराठी गाणे पुण्याच्या शर्मापेक्षा शुद्ध गातो. अर्थ त्याला कळत नाही, पण पॉपमध्ये ती अडचण समजली जात नाही.

संकलनाबद्दल एकच सूचना. गाणे मिनिटाला १२० ठोक्यांचे असेल तर ठोका अर्ध्या सेकंदाचा होतो; २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर तो साडेबारा फ्रेमवर पडतो आणि अर्धी फ्रेम कापता येत नाही. २४ फ्रेम ठेवाव्यात, हिशेब बाराला सुटतो. प्रत्येक ठोक्यावर मात्र कापू नये. तसे केलेल्या व्हिडिओला लय असते, पण बघणाऱ्याला डोकेदुखीही असते.

आता मोडायच्या रूढी. इथे विद्यार्थी हमखास घाई करतात, म्हणून थोडे थांबून पूर्वसूरींकडे बघावे. दलेर मेहंदी यांच्याबद्दल लोक म्हणत की गाणी चालतात ती मागे नाचणाऱ्या सुंदर मुलींमुळे. त्यांनी १९९८ च्या ‘तुनक तुनक तुन’मध्ये मुली काढूनच टाकल्या आणि चार वेगवेगळ्या कपड्यांत चारही जागी स्वतःच नाचले. हा टोमण्याला दिलेला जवाब होता. २०११ च्या नोव्हेंबरात ‘व्हाय धिस कोलावेरी डी’ आले. गाण्याची कच्ची प्रत आधीच बाहेर फुटल्यामुळे ते घाईने अधिकृतपणे आणावे लागले, आणि व्हिडिओत धनुष, अनिरुद्ध वगैरे मंडळी स्टुडिओत हेडफोन लावून बसलेली तेवढी दिसली. नाच नाही, परदेश नाही, वाऱ्यावर उडणारी ओढणी नाही. ‘ओके गो’ या अमेरिकी बँडने २००६ मध्ये आठ ट्रेडमिलवर एकाच सलग शॉटमध्ये नाचून दाखवले. नाच बसवला होता गायकाच्या बहिणीने, आणि पुढच्या वर्षी त्या व्हिडिओला ग्रॅमी मिळाले. ‘चला, आज एक रूढी मोडू या’ म्हणून बसल्याच्या खुणा यांतल्या एकाही व्हिडिओत दिसत नाहीत. कुणाला टोमणा झोंबला होता, कुणाचे गाणे फुटले होते, कुणाच्या घरात नाच बसवणारी बहीण होती.

त्यानंतर काय झाले तेही नोंदवावे. कोलावेरीनंतर देशभर स्टुडिओतल्या हेडफोनांचा पूर आला. ट्रेडमिलनंतर मास कॉमच्या प्रत्येक वर्गात एक गट सलग एकच शॉट घेऊ लागला आणि परीक्षकांना जांभया येऊ लागल्या. मोडलेली रूढी दोन वर्षांत पाळायची रूढी होते. तेव्हा दुसऱ्याची अडचण उसनी घेऊ नये, स्वतःची वापरावी.

हिमायतनगरात अडचणींचा तुटवडा नाही. सर्वांत खात्रीची अडचण नायिका. शनिवारी रात्री तिचा मेसेज येतो की उद्या जमणार नाही, पप्पा नको म्हणतात. दुसरी मुलगी शोधण्यात रात्र घालवू नये. घरात आजी असते.

आजीला निळी इरकल नेसवून बाल्कनीत मेथी निवडायला बसवावे आणि नायकाला कठड्याशी उभा करून विरह गायला लावावे. शब्द म्हणतात, ती निघून गेली; दृश्यात आजी आहे आणि ती कुठेही निघालेली नाही. शब्द आणि दृश्य असे उलट दिशांना गेले की गुडविन त्याला विसंगती म्हणतात, म्हणजे हे शास्त्रात बसते. दिग्दर्शन करताना थोडा संयम लागतो.

“मी ह्याच्याकडं बघू का तुझ्या मोबाइलकडं?”

“आजी, तू कुठंच बघू नकोस.”

“मग चष्मा कशाला लावायला सांगितलास?”

या प्रश्नाला उत्तर नाही. कॅमेरा चालू ठेवावा. ध्रुवपद सुरू होताच आजी स्वयंपाकघराकडे मान वळवते आणि तिचे ओठ स्वच्छ म्हणतात, “गॅस बंद केलास का?” आवाज गाण्याखाली दबतो, ओठ राहतात. हा शॉट संकलक काढून टाकू पाहील. त्याला टाइमलाइनपासून दूर बसवावे. आतापर्यंत घेतलेल्या सगळ्या दृश्यांत, टँकबंड धरून, आधी कुठे न पाहिलेले असे हे एकच आहे.

अहवाल लिहिताना ‘सैराट’चा उल्लेख जरूर करावा. २०१६ च्या या चित्रपटात आर्ची आणि परश्या पळून हैदराबादेतच येतात, आणि त्यांची सगळी गाणी त्याआधीच संपलेली असतात. हैदराबादेत मराठी पडदा गप्प होतो, इथे मराठी गाणे घडायचे राहिलेच होते, ती पोकळी प्रस्तुत व्हिडिओ भरून काढतो, असे वाक्य टाकावे. हे वाक्य जरा अतिच आहे, पण दहा पानांत एक अति वाक्य चालते. टाक्यांना ‘शहरी वास्तवाची प्रतिमा’ म्हणावे. गच्चीवर सेक्रेटरींचा आवाज आल्यामुळे अर्धवट राहिलेल्या शॉटला ‘मुक्त शेवट’ म्हणावे. आजीबद्दल मात्र काही जड लिहू नये. ती घरात होती, एवढेच लिहावे. परीक्षक ते दोनदा वाचतात.

तोंडी परीक्षेत मॅडम विचारतील, “नायिकेऐवजी आजी घेण्यामागे तुमची भूमिका काय?” इथे बहुतेक जण पडतात, कारण ते भूमिका सांगायला लागतात. त्याऐवजी नायिका आली नाही हे सांगून टाकावे आणि गॅसचा शॉट पुन्हा लावावा. मॅडम हसल्या तर पुढे बोलू नये.

निकालानंतर व्हिडिओ यूट्यूबवर चढवून दुवा कुटुंबाच्या ग्रुपवर टाकावा. काचीगुड्याची मावशी हृदयाची चिन्हे पाठवील. नांदेडचे काका पूर्ण व्हिडिओ बघून लिहितील, “छान. पण हिरोइन कुठंय?” त्यांना अहवालाची पीडीएफ पाठवू नये. पुढच्या गाण्यात आहे असे कळवावे, आणि आजीच्या तारखा आजच घेऊन ठेवाव्यात; तिला आता शेजारच्या इमारतीतूनही विचारणा होऊ लागली आहे.