५८ चा नारळ

महाराष्ट्र सरकारचा कारकून ५८ व्या वर्षी थकतो. त्याच कार्यालयातला शिपाई मात्र ६० पर्यंत ताजातवाना. दिल्लीची हवा बहुधा उत्तम असावी, कारण केंद्राच्या कर्मचाऱ्यालाही १९९८ पासून साठीपर्यंत धाप लागत नाही. उच्च न्यायालयात बुद्धी ६२ व्या वर्षी मंदावते, सर्वोच्च न्यायालयात ६५ व्या. हे शरीरशास्त्र कुठल्या मेडिकल कॉलेजात शिकवतात, देव जाणे. मोरारजी देसाई ८१ व्या वर्षी पंतप्रधान झाले. अर्थात जन्म २९ फेब्रुवारीचा. वाढदिवस मोजले तर त्यांची विशीही उलटली नव्हती.

राज्यातल्या अधिकाऱ्यांना निवृत्तीसाठी हवीत साठ वर्षं. तिकडे सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत पोरं खुर्ची धरून बसलीत, काका कधी उठतात म्हणून. काका उठतात. शाल, श्रीफळ, 'साहेबांची उणीव भासेल'ची भाषणं, दोन बटाटेवडे. आणि महिन्याभरात त्याच टेबलाशी कंत्राटी म्हणून हजर, कारण ती फाइल कुठल्या कपाटात कोंबलीय, हे फक्त त्यांनाच ठाऊक!

आमच्या सोसायटीत धुणंभांडी करणाऱ्या मावशी सत्तरीला टेकल्यात. त्यांना निवृत्त करायचं तर आधी नेमणूकपत्र शोधावं लागेल.