येथे चूल पेटवू नये

लिबर्टालिया हे चाच्यांचं गाव आजवर कुणालाही सापडलेलं नाही. कॅप्टन चार्ल्स जॉन्सन हे नाव लावून लंडनमध्ये चाच्यांच्या चरित्रांचं एक पुस्तक निघालं होतं. 1728 साली त्याचा दुसरा भाग आला आणि त्यात या गावाची हकिकत होती. कॅप्टन मिसाँ आणि धर्मगुरूची वस्त्रं उतरवलेला काराचिओली या दोघांनी मादागास्करच्या किनाऱ्यावर ते वसवलं. लुटीचा पैसा एका तिजोरीत, गुलाम मोकळे, कारभारी मतदानानं निवडलेला. पुढे हौशी लोकांनी मादागास्कर धुंडाळलं, पण गावाची वीटसुद्धा हाती लागली नाही. मिसाँही लेखकाच्या डोक्यातला आणि गावही, असा निकाल देऊन इतिहासकार मोकळे झाले.

मला हा निकाल मान्य नाही. गाव होतं आणि आहे, पण ते देवमाशाच्या पाठीवर आहे. ज्यांनी शोधलं त्यांनी जमिनीवर शोधलं आणि देवमासा तर एका जागी थांबत नाही. इतिहासकारांनाही दोष देण्यात अर्थ नाही. माशावर उतरून संशोधन करायला प्रवासभत्ता कुठलं विद्यापीठ देईल?

आम्ही गेलो ते स्वखर्चानं. आम्ही म्हणजे मी आणि आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. ती माझी बायको आहे, पण बाहेरगावी तिची ओळख ती याच पदानं करून देते. मुंबईहून मॉरिशस, तिथून मादागास्करची राजधानी आंतानानारिव्हो आणि पुढे छोट्या विमानानं सेंट मारी बेट. मॉरिशसच्या विमानतळावर एका बाईंनी ‘मराठी काय?’ म्हणून हटकलं. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर आलेले. कुठे निघालात, विचारलं. चाच्यांच्या गावी, असं सांगितल्यावर बाई म्हणाल्या, “जावा, पण गणपतीला इकडे परत या.”

सेंट मारी हे मादागास्करच्या ईशान्येला असलेलं लांबुळकं, चिंचोळं बेट. सतराव्या शतकाच्या अखेरीस इथे चाच्यांची पेठ होती. हिंदी महासागरात लुटायचं, इथे विकायचं आणि उरलेलं पिऊन टाकायचं. कॅप्टन किडनं 1698 मध्ये आपलं गळकं ‘अ‍ॅडव्हेंचर गॅली’ इथेच सोडून दिलं. चाच्यांचं कब्रस्तान आहे, तिथे ओहोटी बघून जावं लागतं. कवटी आणि हाडं कोरलेल्या शिळेपुढे फोटोसाठी रांग होती. सेक्रेटरीनं चष्मा पुसून शिळेवरचं साल वाचलं: 1834. चाच्यांचा सुकाळ संपून तोवर शंभर वर्षं उलटली होती. “म्हणजे हे नॉमिनल मेंबर,” असं म्हणून ती पुढे गेली.

जुलै ते सप्टेंबर या दिवसांत अंटार्क्टिकाकडून हंपबॅक देवमासे इथे येतात. विणीसाठी येतात आणि इथे असेपर्यंत जवळजवळ काहीच खात नाहीत, अंगच्या चरबीवर दिवस काढतात. आपला चातुर्मास आणि त्यांचा चातुर्मास एकाच सुमारास पडतो, फरक एवढाच की ते खरंच पाळतात. आमच्या गावाचं पोट या उपासावर चालतं. मासा भुकेला नाही म्हणजे बुडी मारत नाही, आणि बुडी मारत नाही तोवर घरं कोरडी. तो दक्षिणेला खायला निघाला की अख्खं गाव होड्यांत बिऱ्हाड हलवतं.

देवमासे दाखवणाऱ्या एका होडीवाल्याला सेक्रेटरीनं बाजूला घेतलं. दोघांत काय ठरलं ते मला कळलं नाही. त्याला फ्रेंच आणि मालागासी येत होतं, हिला मराठी आणि व्हाउचर. दुपारी आम्ही गावाच्या शेपटीला लागलो.

जातीनं हंपबॅक, पण आकारानं तालुका. हंपबॅक पंधरा-सोळा मीटर भरतो, निळा देवमासा तिसेक मीटर. या जनावराची मोजणी मात्र अजून झालेली नाही, कारण मोजणीदार आला की तो कूस बदलतो. धक्क्यावर पहिलीच पाटी होती: ‘येथे चूल पेटवू नये.’ दुसरी: ‘खिळा ठोकू नये.’ तिसरी पाटी वाचता आली नाही; ती दोरीनं बांधलेली होती आणि वाऱ्यानं उलटी झाली होती.

खिळ्याची बंदी गावभर दिसते. घरं जुन्या फळ्यांची आणि शिडाच्या कापडाची. प्रत्येक घराचा दोर माशाच्या पोटाखालून नेऊन पलीकडच्या घराला बांधलेला. त्यामुळे शेजाऱ्याशी भांडून घर सोडायची सोय नाही. तुम्ही दोर कापलात तर तो पाण्यात, आणि त्याच्या पाठोपाठ तुम्ही. बोळांच्या कडेला बार्नॅकलची पांढरी, धारदार टरफलं दाटीनं बसलेली. साध्या हंपबॅकच्या अंगावरही ती असतात, इथली घमेल्याएवढी आहेत. पोरं त्यांच्यावरून अनवाणी पळत होती आणि मी बुटांतून कळवळत होतो. भर चौकात दोन नाकपुड्या. त्या उघडल्या की झाकणं उडाल्याचा आवाज होतो आणि धुक्याचा खांब वर जातो. त्याच्या वासाबद्दल एवढंच सांगतो, की माझं बालपण सुक्या बोंबलांच्या वळणीशेजारी गेलं आहे आणि तरीही मी खाली बसलो.

उठल्यावर मी चहा मागितला.

भोवतालची माणसं गप्प झाली. एका म्हाताऱ्यानं मला सावलीत नेऊन सिंदबादची गोष्ट सांगितली. पहिल्याच सफरीत खलाशी हिरव्यागार बेटावर उतरले, स्वयंपाकाला जाळ केला आणि बेट पाण्याखाली गेलं, कारण ते बेट नव्हतं. आपण हिला अरबी सुरस कथा म्हणतो. त्या गावात ती अग्निशामक दलाची पुस्तिका आहे. आयरिश संत ब्रेंडनच्या खलाशांनीही हेच केलं होतं. त्या माशाचं नाव जास्कोनियस. तो मात्र मोठ्या मनाचा असावा, कारण पुढे दरवर्षी ईस्टरला ब्रेंडनची मंडळी त्याच्याच पाठीवर प्रार्थनेला उतरत असत. “आमचा तसला नाही,” म्हातारा म्हणाला. “आमच्या याला मिरची झोंबली तरी कळते.”

“मग तुम्ही शिजवता कुठे?”

शेपटीमागे लांब दोरावर एक पडाव ओढला जातो, त्यावर चूल आहे. ती पेटवायला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो.

चाचे म्हणजे बेबंद, रगेल, कुणाच्या बापाला न जुमानणारी माणसं, हा समज इथे गळून पडतो. इतकी नियमांनी बांधलेली जमात मी आमच्या सोसायटीबाहेर पाहिलेली नाही. बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजाची कलमं जॉन्सनच्या 1724 च्या पहिल्या भागात छापलेली आहेत. गावानं ती जशीच्या तशी घेतली आहेत. प्रत्येकाला एक मत. ताजं अन्न आणि कडक दारू यांवर सगळ्यांचा सारखा हक्क. पैसे लावून पत्ते किंवा फासे खेळायचे नाहीत. रात्री आठला दिवे बंद. त्यानंतर प्यायची असेल तर उघड्यावर, अंधारात. वादकांना रविवारी सुट्टी. कप्तान आणि क्वार्टरमास्टर यांना लुटीत दोन वाटे, गोलंदाजाला दीड. थोडक्यात, मी रम मागितली असती तर अर्ज लागला नसता. चहाला लागला.

सभा दुसऱ्या दिवशी ठरली. तोवर क्वार्टरमास्टरनं गाव दाखवलं. लढाईतला कप्तान वेगळा, पण हिशेब, शिधा आणि भांडणं याच्याकडे. त्याचा डावा हात कोपरापासून नव्हता आणि बगलेत वही होती. नुकसानभरपाईचा तक्ता त्यानं अभिमानानं उघडला. एक्सक्वेमेलिन नावाच्या, चाच्यांबरोबर राहिलेल्या वैदूनं हे दर 1678 साली ॲमस्टरडॅममध्ये छापलेल्या पुस्तकात दिले आहेत: उजवा हात गेला तर 600 स्पॅनिश डॉलर, डावा 500, उजवा पाय 500, डावा 400, डोळा 100, बोटालाही 100.

“आणि डावखुऱ्याचं काय?” सेक्रेटरीनं विचारलं.

क्वार्टरमास्टर वहीकडे बघत राहिला, मग स्वतःच्या कोपराकडे. तो डावखुरा होता. शंभर डॉलर बुडाल्याचं त्याला त्या क्षणी कळलं आणि तेव्हापासून तो हिला ‘बाईसाहेब’ म्हणू लागला.

गावात जो भेटेल तो स्वतःला हेन्री एव्हरीचा वंशज म्हणवतो. 1695 साली औरंगजेबाचं ‘गंज-इ-सवाई’ हे मक्केच्या यात्रेहून सुरतेला परतणारं जहाज लुटणारा तो एव्हरी. या लुटीपायी सुरतेतल्या इंग्रजांना मोगलांनी बेड्या ठोकल्या. एव्हरी मात्र पसार झाला आणि पुढे कुणालाच सापडला नाही. वंशावळीसाठी असाच माणूस सोयीचा. किडचा वंशज व्हायला कुणी तयार नसतं. तो 1701 मध्ये लंडनला फासावर गेला, तेही दोनदा, कारण पहिल्या खेपेला दोर तुटला. ‘ला ब्यूझ’ लव्हासरनं 1721 मध्ये गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय मायदेशी निघाला असताना त्याचं भरलेलं जहाजच पळवलं, पण त्यालाही 1730 साली रेयूनियनवर लटकवलं.

बोलता बोलता विषय आंग्र्यांवर आला आणि माझा आवाज चढला. कान्होजी आंग्रे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल होते. इंग्रज त्यांना चाचा म्हणत, कारण त्यांचं दस्तक न घेता जाणारी जहाजं ते धरत, असं मी चौकात उभा राहून सांगितलं.

“तुम्हाला कुणी सांगितलं, आम्ही त्यांना चाचा म्हणतो?” म्हातारा उलट माझ्यावरच उखडला. “लुटणारा माणूस पावती देतो का? ते द्यायचे. म्हणजे सरकारच. इथून वर, रँटर बेला प्लँटेन म्हणून आमचा एक राजा होता. राज्य सोडून आंग्र्यांकडे चाकरीला गेला. पेन्शन बघून गेला असणार.” प्लँटेन आंग्र्यांकडे गेल्याचं क्लेमंट डाउनिंग या इंग्रज दर्यावर्द्यानं 1737 च्या पुस्तकात लिहिलं आहे. पेन्शनचं त्यात नाही.

रात्री आठला दिवे गेले. मी आडवा झालो आणि जमीन गाऊ लागली. हंपबॅकचं गाणं ध्वनिमुद्रणात मधुर वाटतं. छातीखालून येतं तेव्हा दातांत जाणवतं. तीच चीज पुन्हा पुन्हा, मध्येच घोगरा खर्ज, मध्येच मांजरासारखं. गातात फक्त नर, असं क्वार्टरमास्टरनं अंधारातून सांगितलं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की म्हणजे दुधाचीही आशा नाही. हंपबॅकच्या मादीचं दूध इतकं स्निग्ध असतं की त्यापुढे म्हशीनं मान खाली घालावी. पण आमची जागा नराच्या पाठीवर होती आणि चहा कोराच होणार होता.

सभा चौकात भरली. विषय एक: पाहुण्यास चहा. मी भाषण तयार ठेवलं होतं. ज्या रॉबर्ट्सची कलमं तुम्ही पाळता तो दारूपेक्षा चहाचा भोक्ता म्हणून प्रसिद्ध होता, इथून सुरुवात होती. पण भाषणाची वेळच आली नाही. कोरम भरेना, निम्मं गाव माशाच्या डाव्या कुशीला बार्नॅकल खरवडायला गेलं होतं. क्वार्टरमास्टरनं वही मिटली. कोरम नाही तर सभा नाही, पुढची सभा पौर्णिमेला.

सेक्रेटरी उभी राहिली. “कोरम नसेल तर सभा तहकूब करायची. अर्ध्या तासानं त्याच जागी, त्याच विषयावर पुन्हा भरवायची. मग कोरम लागत नाही.”

“लागत नाही म्हणजे?”

“जे हजर असतील त्यांनी ठराव करायचा. तो सगळ्यांना लागू.”

“जे आले नाहीत त्यांनाही?”

“त्यांनाच तर.”

चौकात शांतता पसरली. कानात कडी असलेला, पाठीवर वाराची खूण मिरवणारा एक धिप्पाड गडी हळूच म्हणाला, “पण हा तर दरोडा आहे.”

“उपविधी आहे,” ही म्हणाली.

अर्ध्या तासानं ठराव झाला. दूर पडावावर धूर निघाला. पाठीच्या पूर्ण लांबीवरून हातोहात पेला आला तेव्हा चहा कोमट झाला होता आणि वाटेत कुणीतरी त्यात लवंग टाकली होती. सेंट मारीला लवंगेची शेती आहे. मी तो तीन घोटांत संपवला. माशानं एकदा फक्त शेपटी हलवली.

मग ते सगळे हिच्याभोवती जमले. लिबर्टालियाच्या जुन्या रिवाजाप्रमाणे तीन वर्षांसाठी कारभारी निवडायचा असतो. ती जागा रिकामी आहे, बाईसाहेबांनी घ्यावी. दोन वाटे मिळतील. ही खुलली. तीन वर्षं कमीच, आमच्याकडे समिती पाच वर्षांची असते, पण हरकत नाही, म्हणाली. मी घाबरून माझी बॅग शोधू लागलो. तेवढ्यात तिनं पर्समधून लाल पेन काढलं.

“जागा घेण्याआधी एक बघायचंय. शेवटचं ऑडिट कधी झालं?”

क्वार्टरमास्टरनं वही पाठीमागे घेतली. म्हाताऱ्याला एकदम खोकला आला. वाराची खूणवाला धक्क्याकडे धावला, आणि परतीची होडी, जिला गावात अर्ज, छाननी आणि हरकतींची मुदत लागते, ती पाच मिनिटांत पाण्यात उतरली. भाडं घेतलं नाही. वर लवंगांची एक पिशवी दिली, आणि किनारा येईपर्यंत वल्ही स्वतः क्वार्टरमास्टरनं मारली, एका हातानं.